'शीर दबली' म्हणजे नक्की काय दबलं?

वेंगुर्ले : आईला तापात सलाईन लावलं होतं. सुई काढल्यावर मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, शीर दोरीसारखी टणक नि लाल झाली. आता अंगठ्याच्या मागे मुंग्या येतात, पदर घासला तरी आग होते. डॉक्टर म्हणाले, ''शीर सुजलीय, त्यामुळे नस दबलीय.'' शेजारच्या काकी म्हणतात, ''शिरेर शीर चढली, तेल लावून चोळ.'' शीर आणि नस एकच ना?

रत्नागिरी : बोलण्यात एकच, आणि घोळ तिथेच होतो. 'शिरा ताणून ओरडला' यात मानेवर फुगलेल्या रक्ताच्या शिरा. 'कमरेत शीर दबली' यात मात्र रक्ताचा संबंध नाही, तिथे चेतातंतू. 'नस'ही तशीच : नस कापली तर रक्त येतं, नस दबली तर मुंग्या. शाळेच्या पुस्तकात रक्त हृदयाकडे परत नेणारी ती नीला, संदेश नेणारा तो चेतातंतू; आधीची पिढी मज्जातंतू म्हणायची. तुमच्या डॉक्टरांनी शीर म्हटलं ते नीलेला, नस म्हटलं ते चेतातंतूला.

मालवण : मी परिचारिका आहे, म्हणून थोडं सविस्तर. मनगटाच्या त्या बाजूला कातडीखालून मोठी नीला जाते आणि तिला अगदी लागून त्वचेचा एक चेतातंतू. नीलेला सूज आली, आत रक्त गोठलं, की भोवतालची जागाही सुजते आणि तंतू आवळला जातो. हा तंतू फक्त स्पर्श कळवतो. म्हणून आग, बधिरपणा, मुंग्या. पकड ढिली पडत नाही. कधी सुई टोचतानाच तंतूला लागतं, तेव्हा मुंग्या कधीपासून आहेत ते डॉक्टरांना नीट सांगा.

काकींची माया कळते, पण चोळू नका. शीर उतरवून देणाऱ्याकडेही नेऊ नका, आत गोठलेलं रक्त आहे. कोमट शेकाबद्दल डॉक्टरांना विचारा. सगळा हात सुजला, ताप आला किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

दापोली : 'चेतातंतू-संपीडन', म्हणजे चेतातंतू दाबला जाणं, असा शब्द छापील मजकुरात दिसतो, पण घरात तो कोणाला कळणार? वर 'आवळला' म्हटलंय तेच मला पटतं. 'दबला'मध्ये वरून वजन आल्यासारखं वाटतं, इथे सूज चहूबाजूंनी धरते.

वेंगुर्ले : ताई, आभार. मग काकींना काय सांगू?

मालवण : सांगा, रक्ताची शीर सुजलीय, तिने स्पर्शाची शीर आवळलीय. चोळलं तर दोन्ही दुखावतील.