दहा डॉलरच्या इअरफोनवर बाळांची श्रवणचाचणी : उपकेंद्रात द्यावी का?

श्रवणमित्र : २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या इअरफोनचे दोन स्पीकर, एक माइक आणि स्मार्टफोन जोडून ओएई तपासणीचं (सूर ऐकवल्यावर कानातून परत येणारा बारीक आवाज पकडण्याचं) यंत्र बनवलं. सुट्या भागांचा खर्च साधारण १० डॉलर. २०१ कानांवर तपासलं, श्रवणदोष असलेला एकही कान निसटला नाही. महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक गाठायचं तर असंच काहीतरी उपकेंद्रात हवं.

बेरावाला : अर्धाच आकडा दिलात. त्याच अभ्यासात विशिष्टता (चांगला कान चांगलाच ठरण्याचं प्रमाण) ८८.९ टक्के, म्हणजे १०० चांगल्या कानांत ११ 'रेफर', पुढच्या तपासणीला पाठवायचे. कायमचा दोष हजारात एक ते तीन बाळांना. बाकीच्या आयांच्या जिवाला उगाच घोर. बेराला (आवाजाला नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीला) पाठवलं तरी पहिलं बाळंतपण माहेरी, तारखेला बाळ सासरी, नोंदवहीत नंबर मामाचा! शिवाय ओएई कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) केशपेशी तपासतं, नस नाही. खूप कावीळ झालेली, पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेली काही बाळं पास होतील आणि तरी ऐकू येणार नाही. अशा सगळ्यांना थेट एएबीआरच (बेराचाच आपोआप निकाल देणारा प्रकार).

श्रवणमित्र : एनआयसीयूचं मान्य. पण बरेच 'रेफर' हाताळणीमुळे येतात. जन्मल्या दिवशी कानात पांढरा लेप असतो; घरी सोडण्याच्या थोडं आधी घ्या. दूध पाजून झोपवा, पंखा बंद, कानाची पाळी खाली-मागे ओढून प्रोबची (कानात घालायच्या तुकड्याची) टिप घट्ट बसवा. टिप सैल राहिली की खालच्या पट्टीतला आवाज गळतो आणि चांगला कानही नापास होतो.

सर्किटवेडा : मला उलटी भीती वाटते : खोटा 'पास'. ३२८० आणि ४००० हर्ट्‌झ वाजवून २५६० च्या आसपासचा कॉक्लियाचा प्रतिसाद शोधतात. दोन्ही सूर एकाच स्पीकरमधून सोडले तर तो स्पीकरच २५६० तयार करतो. दोन स्पीकर त्यासाठीच. रोज सकाळी प्रोब २ मिलीच्या बंद सिरिंजमध्ये बसवून चाचणी घ्या. तिथे कॉक्लिया नाही, तरी 'पास' आला तर यंत्र बाजूला ठेवा.

बेरावाला : हे रोज करणार कोण? उपकेंद्रातल्या नर्सकडे (एएनएम) आधीच रजिस्टरांचा ढीग.

श्रवणमित्र : दोन मिनिटांचं काम आहे. आणि फेरतपासणी दीड महिन्याच्या लसीला जोडा. बाळ माहेरी असो की सासरी, लसीला येतंच. निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा.

बेरावाला : चालेल, पण टोचण्याआधी. नंतर ते बाळ झोपायचं नाही.