लेण्यांतलं चित्र तुम्हांला ‘दिसलं’ कधी?

बौद्ध लेणी आणि त्यांतली भित्तिचित्रं पाहून आलेल्यांनी इथे लिहावं. ‘अप्रतिम, शब्दच नाहीत’ हे सोडून. पाय कुठल्या भिंतीपुढे थबकले आणि कशामुळे?

सुरुवात मी करते. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात उन्हातून शिरलं की आधी नुसता काळोख. डोळे सरावायच्या आतच बहुतेक मंडळी पद्मपाणीच्या, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, चित्राला हजेरी लावून बाहेर पडतात. मी खांबाला धरून थांबले. आधी मुकुट उमटला, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं निळं कमळ. भोवतीची माकडं, मोर, माणसं तर त्यानंतर कितीतरी वेळाने.

*

मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे रंगापेक्षा रंग उडालेल्या जागाच आधी बघतो. गिलावा जिथे पडलाय तिथे कातळ खडबडीत ठेवलेला दिसतो, माती धरून राहावी म्हणून. त्यावर मातीचा थर, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर रंगकाम. इटलीतल्या चर्चमध्ये ओल्या चुन्यावर रंगवत, तसं हे नव्हे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग साधे, पण निळा लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातून आलेला दगड कुटून केलेला. ९ आणि १० क्रमांकांतल्या सातवाहनकालीन चित्रांत हा निळा शोधू नका. तो वाकाटकांच्या काळातल्या, म्हणजे पाचव्या शतकातल्या लेण्यांत भेटतो. विदर्भातल्या राजवटीच्या काळात एवढ्या लांबचा दगड सह्याद्रीच्या या घळीत येत होता, याचं मला चित्रांइतकंच अप्रूप वाटतं.

*

आजीला डोलीतून नेलं होतं. बुद्ध, बोधिसत्त्व यांना तिने भक्तिभावाने हात जोडले आणि पुढे सरकली. १७ क्रमांकात मात्र आरशात बघणाऱ्या राजकन्येपुढून हलेना. “अगं, कंबरेचं बघ. गळ्यातलं बघ. आणि या दासीचं लक्ष कुठंय?” अर्धा तास दागिन्यांची मोजदाद चालली होती. जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, सांगायला निघालेले गाइडकाका शेवटी गप्प बसून तिचंच ऐकत राहिले.

*

मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांचं कुणीच लिहिलं नाही? ३४ क्रमांकाच्या लेण्यात छताला बुद्धाची अर्धवट राहिलेली चित्रं आहेत. रविवारची गर्दी ३ क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापाशी, फोटो काढून परत फिरते, वरपर्यंत फारसं कुणी येत नाही. आमच्या फायद्याचंच!

*

अजिंठ्याच्या काही भिंती पिवळट-तपकिरी का दिसतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी चित्रं जपण्यासाठी लाखेची झिलई दिली. तीच पुढे पिवळी पडली आणि पुरातत्त्व खात्याला काढत बसावी लागली. हेतू चांगलाच होता, त्यामुळे रागही धड येत नाही. राग येतो तो १० क्रमांकात. १८१९ मध्ये शिकारीच्या नादात इथे पोचलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपलं नाव खांबावर कोरलंय, तेही बुद्धाच्या चित्रावर! आज ते डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा आत दगडमातीचा ढीग होता आणि साहेब त्यावर उभा होता.

*

कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना पावसाळा संपता संपता जा. पायऱ्या उतरून खाली गेलं की चैत्यगृहाच्या खांबांवर रंगवलेल्या आकृत्या आहेत. पडझड फार, सोयी जवळपास नाहीत.

*

धागा वाचून पुढच्या महिन्यात आईबाबांना अजिंठ्याला नेतोय. काही सूचना?

*

सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळा. गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावर ठेवून पुढे बसनेच जावं लागतं. फ्लॅश चालत नाही. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, १ क्रमांकाच्या छतावर कमळांतून धावणारा हत्ती आहे, तो बाबांना नक्की दाखवा.