मदत हवी आहे: लहान मुलांना रीफ नॉट (दोरीची दोन टोकं बांधायची गाठ) कशी शिकवू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, नववीत आहे. आमच्या स्काऊट पथकात यंदा गरुड संघाचा उपसंघनायक झालोय. संघात 8 जण. संघनायकदादाची दहावी, त्यामुळे बराचसा भार माझ्यावरच.

नवी मुलं रीफ नॉटला अडकतात. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, असं कितीदा सांगितलं तरी दोन्ही वेळा उजवंच वर घेतात. मग टोकं आडवी बाहेर येतात, जरा ओढलं की गाठ सरकते. सगळ्यात धाकटा परवा दोरी टाकून रडलाच. ओरडून शिकवणं मला पटत नाही.

पथकात राहिलेल्या दादा-ताईंनो, तुमच्या हातात ही गाठ कशी बसली? दोन रंगांच्या दोऱ्या घेऊन बघू का? रविवारी कंबर तलावापर्यंत हाईक आहे, त्याआधी सांगाल तर फार बरं होईल.