एल्ब्रुस, जुलै आणि साधे बूट
लातूरकर दादा, जुलैत तिकडं एल्ब्रुसवर, म्हणजे रशियातल्या युरोपच्या सर्वात उंच शिखरावर, उन्हाळा असतो म्हणून साधे ट्रेकिंग बूट पुरतील, असं वर तुम्ही लिहिलंय. नाही पुरणार. आपला उन्हाळा चाळीसच्या वरचा. तिथं 5642 मीटरवर पहाटे वारा धरून उणे वीसही लागतं. आतला बूट वेगळा निघतो असे डबल बूटच घ्या, तेही जरा सैल. दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि आधी बोटंच गोठतात.

क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दात, घरीच त्या बुटावर बसवून बघा. पट्टा न आवळता बूट उचलून हलवला तरी ते गळून पडायला नको. पट्ट्याचं लोंबतं टोक खोचा. दुसऱ्या पायाचे दात त्यातच अडकतात.

रोपवे थेट 3847 मीटरवर सोडतो. सोय कमी, सापळा जास्त! आपण पाच-सहाशे मीटरवर राहणारी माणसं, तिथल्या विरळ हवेची शरीराला सवय नसते. आधी एक-दोन दिवस शिखराच्या वाटेवरच्या पास्तुखोव्ह खडकांपर्यंत चढा, झोपायला खाली या. शिखरासाठी रात्री एक-दोनलाच निघा. दुपारी बर्फ भुसभुशीत होऊन क्रॅम्पॉनखाली गोळे धरतो, आणि ढगात वाट सुटली तर पाय हिमभेगांकडं वळतात.