मदत हवी आहे : ट्रेनिंग झालं, फीडबॅक उत्तम आला, तरी तीच कम्प्लेंट परत

तगर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून पहिलाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी वाळूजला एका मशीनिंगच्या कंपनीत एचआरला आहे. नाव विचारू नका. दुचाकीचे अॅल्युमिनियमचे भाग बनतात. १६० माणसं, त्यातली जेमतेम ५० कायम, बाकी कंत्राटी आणि अप्रेंटिस. ट्रेनिंग हे खातं मी आले तेव्हा कुणाच्याच गळ्यात नव्हतं, म्हणून माझ्या पडलं. मी एमबीए केलेली, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हेही इथे आल्यावर कळलं. तेव्हा तांत्रिक लिहाल तर जरा बेतानं.

आमच्या एका जॉबला (म्हणजे बनवायच्या भागाला) २५ मिमीचा बोअर, म्हणजे आरपार गोल भोक आहे. तो २५.००० ते २५.०२१ या दरम्यान यायला हवा. मागच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये कस्टमरकडून सात तक्रारी आल्या: बोअर लहान, पिन बसत नाही. कम्प्लेंटच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं 'ऑपरेटरला मोजमापाचं ज्ञान कमी' आणि उपायाच्या रकान्यात 'ट्रेनिंग देणे'. (आमच्याकडे कुठलाही फॉर्म घ्या, कारण ऑपरेटर आणि उपाय ट्रेनिंग. छापूनच घ्यावेत.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेरून ट्रेनर बोलावले. कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लावून चार बॅच केल्या, प्रत्येकी एक दिवस. फीडबॅक पाचपैकी ४.६. दहा मार्कांची लेखी परीक्षा ठेवली होती, आधी सरासरी चार आणि नंतर आठ. जुलैपासून तक्रारी जवळजवळ बंद. ऑडिटरने फाइल बघून मान डोलावली, साहेब खूष, मीही खूष.

यंदा एप्रिल लागला आणि पुन्हा सुरू. आजपर्यंत पाच. साहेब काल सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं ट्रेनिंग दहा महिन्यांत एक्सपायर होतं का?" पुढच्या बुधवारी मला सांगायचंय की तेच ट्रेनिंग पुन्हा घ्यायचं की दुसरं काही, आणि मागच्या वेळच्या खर्चातून काय मिळालं. तेही आकड्यांत.

फीडबॅक चांगला, मार्क वाढले, तक्रारी थांबल्या, एवढं सगळं असताना ट्रेनिंग फसलं असं कसं म्हणू? आणि फसलं नसेल तर माणसं विसरली का? दर सहा महिन्यांनी उजळणी ठेवावी का? कुणी शॉपवर प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया सांगा.

हिंजवडीकर

मी आयटीतल्या ट्रेनिंग विभागात आहे, तुमच्या मशीनचं मला काही कळत नाही. पण आकड्यांचं सांगतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही सगळे वापरतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि कंपनीला फरक पडला का. तुमच्याकडे पहिली आहे, दुसरी अर्धी आहे (लेखी परीक्षा म्हणजे मोजता येणं नव्हे), चौथी आहे. तिसरी पूर्ण गायब. मशीनपाशी माणूस आता वेगळं काय करतो, हे कुणी पाहिलंच नाही. मधली पायरी नसताना पहिलीवरून चौथीवर उडी मारली की तक्रारी कशामुळे थांबल्या हे सांगता येत नाही.

आणखी एक. ट्रेनिंग नेहमी सर्वांत वाईट महिन्यानंतर ठेवलं जातं. सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना तसाही बरा असतो. श्रेय ट्रेनरला.

अवांतर: तुमच्या ट्रेनरने 'माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात ठेवतो' हा त्रिकोण दाखवला का? एडगर डेल यांनी १९४६ मध्ये शंकू काढला होता खरा, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले.

तगर

दाखवला हो! दुसरीच स्लाइड. :)

जुना फोरमन

ताई, मी ३४ वर्षं शॉपवर काढली, आता घरी कुंड्यांना पाणी घालतो. आमच्या साहेबांनी आम्हाला खिशात ठेवायला एक कार्ड दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवीन माणसं भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरांना शिकवण्यासाठी ते काढलेलं. चार ओळी. माणसाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, आणि सोडून दिल्यावरही अधूनमधून जाऊन बघा. खाली लिहिलेलं: कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही.

तुमच्या कॅन्टीनमध्ये यातलं काय झालं? मला तरी एकही ओळ दिसत नाही.

पण मी ट्रेनिंगबद्दल बोलायच्या आधी एक विचारतो. त्या पोरांना मोजता येतं की नाही हे तुम्ही पाहिलंय का? का फॉर्मवर लिहिलंय म्हणून धरून चाललात? रॉबर्ट मेगर नावाच्या गृहस्थांची एक कसोटी आहे, की जिवावर बेतलं तर हा माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल तर त्याला शिकवायची गरज नाही, त्याला करू कोण देत नाही ते शोधा. उद्या सकाळी सात वाजता मशीनपाशी जाऊन उभ्या राहा. वही नेऊ नका, वही दिसली की सगळे शहाण्यासारखे वागतात.

घनमीटर

मी चाकणला क्वालिटीत आहे. फोरमन काकांना +१. जाल तेव्हा एवढं बघून या: जॉब मशीनमधून काढल्यावर किती वेळाने मोजतात, डायल बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं काट्याचं साधन) कोणत्या मास्टर रिंगवर (अचूक मापाचं कडं, ज्यावर गेजचा झीरो लावतात) आणि कुठे सेट करतात, आणि शॉपमध्ये उकाडा किती आहे.

तुमच्या तक्रारी एप्रिल-मेच्या आहेत हे वाचून मला शंका येतेय, पण आधी बघून या.

आणि जमलं तर एक छोटी परीक्षा घ्या. क्वालिटी रूममधून २० थंड जॉब घ्या, त्यात सहा खराब असू देत. कुठला कसा हे फक्त तुम्हाला माहीत. प्रत्येक ऑपरेटरला सगळे दोनदा मोजू द्या, क्रम बदलून. खराबला चांगलं किती वेळा म्हटलं आणि चांगल्याला खराब किती वेळा, हे वेगवेगळं लिहा. कॅन्टीनमधल्या दहा मार्कांपेक्षा हे खरं.

तगर

दोन दिवस उभी होते, पाय दुखताहेत. पहिल्या दिवशी सगळे मला बघून मास्क घालून काम करत होते. दुसऱ्या दिवशी विसरले.

परीक्षा १२ जणांची घेतली. दहा जणांनी जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. दोघं गोंधळले, दोघंही फेब्रुवारीत आलेले अप्रेंटिस. त्यांना गेजचा झीरो लावताच येत नव्हता. मागच्या जूनच्या ट्रेनिंगला ते नव्हतेच! ज्यांना येत होतं त्यांना मी शिकवलं, आणि ज्यांना येत नाही ते आल्यावर शिकवायला कुणी नव्हतं.

बाकी: जॉब मशीनमधून काढतात, हवा मारतात, लगेच मोजतात. मास्टर रिंग क्वालिटी रूममध्ये, तिथे एसी. सकाळी तिथे गेज सेट करून आणतात. शॉपमध्ये भट्टी आहे. गेटवरची कोविडची बंदूक घेऊन जॉबवर धरली तर ३४ दाखवते.

घनमीटर

चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बंदूक खोटं बोलते. मेंटेनन्सकडे टेकवून मोजायचा प्रोब असेल, तो मागा.

तगर

मागितला. ४२. क्वालिटी रूम २२.

घनमीटर

मग हिशोब करा. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. २५ मिमी, २० अंशांचा फरक: साडेअकरा मायक्रॉन. तुमची सगळी मुभाच २१ मायक्रॉनची आहे. म्हणजे निम्मी नुसत्या उन्हाळ्यात गेली.

गरम जॉबचा बोअर मोठा दिसतो. बोअरिंगची टीप (भोक कापणारं टोक) झिजत आली की बोअर लहान होत जातो. ऑपरेटरला गेजवर २५.००८ दिसतं, तो पास करतो, त्याच्या परीने अगदी बरोबर. तोच जॉब थंड झाला की २४.९९६५. पिन बसणार नाही.

आता सांगा, मागच्या जूनमध्ये तुमच्या ट्रेनिंगपाठोपाठ काय आलं?

हिंजवडीकर

पाऊस!!

तगर

अरे देवा.

सेकंड शिफ्ट

नमस्कार मॅडम. मी दुसऱ्या कंपनीत सेटर आहे, पण वाळूजचाच. लिहू का नको विचार करत होतो. हे आम्हाला माहीत असतं. एसओपीमध्येसुद्धा (काम कसं करायचं त्याच्या ठरलेल्या कागदात) लिहिलेलं असतं, 'जॉब थंड झाल्यावर मोजणे'. पण शिफ्टला ३०० चं टार्गेट, ८० सेकंदाला एक जॉब. थंड करायचा तर ठेवायचा कुठे? मशीनपाशी एक क्रेट, तोच भरला की हँडलर घेऊन जातो. बाजूला ठेवले तर सुपरवायझर विचारतो हे इथे का पडलेत. ट्रेनिंगमध्ये कुणी हे बोलत नाही कारण मागच्या खुर्चीवर साहेब बसलेला असतो. फीडबॅक फॉर्मवर सगळे पाच देतात, त्याशिवाय चहा-वडा मिळाल्यावर काय देणार. वाईट वाटून घेऊ नका, ट्रेनिंगचा दिवस आम्हाला आवडतो, बसायला मिळतं.

तगर

वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण तुमच्यावर नाही. आमच्याही भिंतीवर ती ओळ आहे, मी स्वतः लॅमिनेट करून लावलीय.

आता बुधवारचं. साहेबांना "तुमचे सात तक्रारींवरून शून्य पावसाने केले" असं सांगायचं धाडस होईल का, ते नंतर बघू. पण पुढे काय करायचं आणि त्याचा उपयोग झाला हे कसं दाखवायचं? नाहीतर यंदाही जूनमध्ये काहीतरी करीन आणि पुन्हा पाऊस येईल.

घनमीटर

थंड व्हायला अर्धा तास धरला तर ८० सेकंदाला एक या हिशोबाने साधारण २२ जॉब रांगेत लागतील. २४ खणांची ट्रॉली करा, आधी ठेवलेला आधी मोजायचा. तोटा असा, की बिघाड कळेपर्यंत २२ जॉब मागे अडकलेले. ते नको असेल तर दुसरा मार्ग आहे. अॅल्युमिनियमचाच एक जॉब क्वालिटी रूममध्ये नीट मोजून घ्या, मशीनशेजारी त्याच कुलंटमध्ये (कापताना जॉबवर सोडतात त्या पाण्यात) ठेवा आणि गेज त्याच्यावर सेट करा. मोजायचा जॉब आणि मास्टर दोघंही सारखेच फुगलेले, फरक निघून जातो. तो मास्टर वेळोवेळी तपासायला मात्र विसरू नका.

आणि एकदम सगळीकडे करू नका. एका लाइनवर आजपासून, दुसरीवर तीन आठवड्यांनी. ऊन दोघींना सारखंच लागणार, पाऊस आला तरी दोघींवर येणार. तक्रारी मोजत बसू नका, त्या फार थोड्या आणि उशिरा येतात. रोज शिफ्टला पाच जॉब घ्या. ऑपरेटरचं मशीनपाशीचं रीडिंग आणि त्याच जॉबचं दुसऱ्या दिवशीचं थंड रीडिंग, दोन्ही लिहा. त्यातला फरक कमी झाला का, एवढंच बघायचं. बुधवारपर्यंत चार दिवसांचे आकडे तरी हातात येतील.

जुना फोरमन

आणि त्या दोन पोरांना विसरू नका. त्यांना कॅन्टीनमध्ये बसवू नका. एखादा जुना, शांत डोक्याचा ऑपरेटर निवडा (सगळ्यात हुशार नको, तो स्वतःच करून मोकळा होतो). त्याने दाखवायचं, मग पोराने करायचं आणि करताना तोंडाने सांगायचं, काय करतोय आणि का. झीरो का लावायचा हे पोराच्या तोंडून आलं की समजायचं. त्या आठवड्यात शिकवणाऱ्याचं टार्गेट कमी धरायला लावा. नाहीतर तो दोनदा दाखवून तिसऱ्यांदा "बघ तू" म्हणेल. शिकवण्याचा काही भत्ता देता आला तर उत्तम, नाहीतर निदान मजूर समजून वागवू नका.

यापुढे नवीन माणूस कुठल्याही महिन्यात आला तरी त्याची हीच परीक्षा पहिल्या आठवड्यात. वार्षिक कॅलेंडर त्याची वाट बघत नाही.

हिंजवडीकर

खर्चातून किती रुपये परत आले हे काढायच्या फंदात मागच्या ट्रेनिंगसाठी तरी पडू नका. विचारलंच तर सरळ सांगा, तुलना करायला काहीच ठेवलं नव्हतं, म्हणून सांगता येत नाही. हे सांगणारा माणूस पुढचा आकडा देतो तेव्हा लोक ऐकतात. निदान माझ्या साहेबाने ऐकलं, दुसऱ्या खेपेला.

तगर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका, हसू नका. कम्प्लेंटच्या फॉर्मवर उपाय म्हणून 'ट्रॉली' लिहिलं तर ऑडिटर विचारेल, ट्रेनिंग रेकॉर्ड कुठे आहे?

घनमीटर

विचारू दे. आयएसओ ९००१:२०१५ मधलं ७.२ कलम उघडून दाखवा. तिथे म्हटलंय की माणूस त्या कामाला सक्षम हवा, नसेल तर काहीतरी करा, आणि केलेल्याचा परिणाम झाला का ते तपासा. उपाय ट्रेनिंगच हवं असं कुठेही नाही. तुमच्या १२ जणांच्या परीक्षेचा कागद हाच सक्षमतेचा पुरावा. तो त्या सह्यांच्या हजेरीपटापेक्षा भारी आहे, जपून ठेवा.

आणि कारणाच्या रकान्यातलं 'ऑपरेटर' आधी खोडा.

तगर

खोडलं. सुपरवायझरने बघितलं, काही बोलला नाही. ट्रॉलीचं कोटेशन साडेसहा हजार आलंय, आणि पहिली लाइन उद्या सकाळच्या शिफ्टपासून. बुधवारी काय झालं ते इथेच लिहीन.