मदत हवी आहे: धावायचे बूट बदलायची वेळ झाली का?

मंडळी, दहा महिने झाले, हौस म्हणून धावतोय. आठवड्यातून तीनदा, पाच-सहा किलोमीटर. शर्यतबिर्यत डोक्यात नाही. पहाटे रस्ता मोकळा असतो, आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो, तेवढ्यासाठी.

अडचण बुटांची आहे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदलावा म्हणतात. माझा हिशेबाने ७०० च्या आसपास पोचलाय. वरून बघाल तर ठणठणीत: जाळी शाबूत, तळ फक्त टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलाय. पण मधल्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्यात आणि अंगठ्याने दाबलं तर तो पूर्वीसारखा दबत नाही. हल्ली धावून आल्यावर उजवी नडगी ठणकते. बूट गेले, की मीच मधे घाईने अंतर वाढवलं त्याचं हे फळ?

नवे घ्यायचे तर ड्रॉप, म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या तळाच्या उंचीतला फरक, किती? आत्ताचे १० मिमीचे आहेत, दुकानदार ४ मिमीचे गळ्यात मारू बघतोय. त्याने पोटरीवर जास्त ताण येतो ना? कार्बन प्लेटवाले, म्हणजे शर्यतीत वेगासाठी तळात कडक पट्टी घातलेले, नकोतच, बैलगाडीला विमानाचं इंजिन कशाला! अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायची, हे मात्र नख काळं पडल्यावर शिकलोय.

आणि दोन जोड आलटूनपालटून वापरले तर खरंच जास्त टिकतात का? घरी एकाचंच समर्थन करताना पुरेवाट होते.