दिलीपकुमारला पडद्यावर मरताना पाहिलेल्यांनो, लिहा

लालबाग (धागा सुरू करताना)

बाबा जाऊन गेल्या आषाढात वर्ष झालं. त्यांची सगळी नोकरी गिरणीत, साच्यावर गेली. दिलीपकुमारचा एकही सिनेमा त्यांनी सोडला नाही. पण 'गंगा जमुना' (१९६१) बघताना त्यांचं एक ठरलेलं असायचं. पोलीस झालेला धाकटा भाऊ जमुना थोरल्या गंगावर, म्हणजे दिलीपकुमारवर, बंदूक रोखायच्या आत बाबा उठायचे आणि मला आत बसवून बाहेर जाऊन उभे राहायचे. मॅटिनीला मी तीनदा त्यांच्यासोबत गेलो, तिन्ही वेळा हेच. विचारलं की म्हणायचे, "सुटताना गर्दी होते रे." गावच्या जमिनीवरून काकांशी त्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, हे मला फार उशिरा कळलं.

'शहीद'मध्ये (१९४८) तो फासावर गेला, 'अंदाज'मध्ये (१९४९) नर्गिसच्या गोळीने, 'देवदास'मध्ये (१९५५) पारोच्या दाराशी. थेट 'सौदागर'पर्यंत (१९९१), म्हणजे ४३ वर्षं, हा माणूस आपल्यासमोर मरत राहिला. तुमच्या घरात यातलं कुठलं मरण राहिलंय? सिनेमाचं परीक्षण नको, स्वतःचं लिहा.

गिरगाव, वय ८१

माझी आई 'शहीद'मधल्या अंत्ययात्रेचं गाणं रेडिओवर लागलं की हातातलं काम खाली ठेवायची. पोळी तव्यावर असली तर तवा उतरवायची. तिचा मामा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला होता. तो घरी परत आला, तरी ती त्या गाण्याला रडायचीच. मला अजून ते गाणं बसून ऐकवत नाही.

विक्रोळी, निवृत्त परिचारिका

३१ वर्षं एका सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली नऊ कॅन्सरच्या वॉर्डात. सिनेमातली मरणं मला बघवत नाहीत, कारण ती खोटी असतात. माणूस पानभर बोलतो आणि एकदम मान टाकतो. खरं मरण असं येत नाही. आधी आवाज बारीक होतो, मग दोन शब्दांमधलं अंतर वाढत जातं, नजर समोरच्या माणसावरून हळूच सुटते. 'देवदास'च्या शेवटी बैलगाडीतून उतरवल्यावर झाडाखाली पडलेला तो माणूस मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा माझा हात नकळत मनगटाकडे गेला, नाडी बघायला. स्वतःच्याच मनगटाकडे.

मरणाच्या आणि दुःखाच्या भूमिका करून तो इतका खचला, की लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला हलक्याफुलक्या भूमिका घ्यायला सांगितलं. म्हणून 'आझाद', पुढे 'कोहिनूर' (१९६०). पण 'आझाद' आणि 'देवदास' दोन्ही एकाच वर्षी, १९५५ला पडद्यावर आले, हे लक्षात घ्या. मला यात नवल वाटत नाही. ड्यूटी संपली की मी साडी रुग्णालयातच बदलायची, तिथलं काही घरी न्यायचं नाही म्हणून. तरी वासासारखं काहीतरी सोबत यायचंच.

परळ, हौशी रंगकर्मी

जखमी गंगा घरात शिरतो, त्या दृश्यासाठी दिलीपकुमार वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओला धावत फेऱ्या मारत राहिला आणि दम तुटायला आला तेव्हाच कॅमेऱ्यासमोर गेला. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितलंय. ते वाचून मी आमच्या एकांकिकेच्या तालमीआधी मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. धाप लागली, पण वाक्य तिसऱ्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "धाप कोणालाही लागते. त्या धापेतून शब्द पोचवायचा असतो." त्यानंतर मी तो शेवट आवाज बंद करून आणि मग नुसता आवाज ऐकून, असा वेगवेगळा पाहिला. दोन्ही वेळा पुरता कळतो. जमुना झालेला नासिर खान त्याचा सख्खा धाकटा भाऊ, हेही त्या वेळी डोक्यातून जात नाही.

घाटकोपर

'शक्ती'त (१९८२) तो मरत नाही, मुलगा मरतो. बापाच्याच गोळीने, बापाच्याच हातांत. माझ्या मते त्याचं सगळ्यात अवघड मरण तेच, कारण त्यानंतर त्याला उभं राहावं लागतं.

माझगाव, बंदरातली नोकरी

वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले' वडिलांनी पाहिलं होतं, लाल्या म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकर. त्यावरून आलेला 'मशाल' (१९८४) मी पाहिला. यातही त्याच्याआधी बायको जाते. रात्री रस्त्यावर ती दुखण्याने तळमळतेय, वहीदा रेहमान, आणि तो प्रत्येक गाडीपुढे हात जोडत धावतोय. तो रस्ता आमच्या बॅलार्ड इस्टेटचा. दुसऱ्या पाळीहून सुटलो की मी तिथूनच चालत यायचो.

काही वर्षांनी एका रात्री वडिलांच्या छातीत कळ आली. चाळीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि मी नाक्यावर टॅक्सी शोधत होतो. एक, दोन, पाच टॅक्सी गेल्या. ओरडायचं होतं, पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता, सिनेमातला होता. मला त्या क्षणीसुद्धा त्याची लाज वाटली. सहावी टॅक्सी थांबली. वडील पुढे चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत हे मी त्यांना सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

डोंबिवली, नोकरी फोर्टला

७ जुलै २०२१. सकाळी बातमी आली, मी घरूनच काम करत होते. आजी टीव्हीसमोर बसून राहिली. जुहूच्या कब्रस्तानात शासकीय इतमामात दफन झालं, तेही तिने पाहिलं. मग म्हणाली, "किती वेळा मेला गं हा. आज खरंच गेला, तर खोटं वाटतंय." ९८ वर्षांचा होता. आजी त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. त्या दिवशी तिने संध्याकाळचा चहा घेतला नाही.

लालबाग (धागाकर्ता)

सगळं वाचलं. बंदरातल्या दादांचं दोनदा वाचलं. काल रात्री 'गंगा जमुना'चा शेवट एकट्याने पाहिला आणि सकाळी गावी काकांना फोन लावला. त्यांना म्हटलं, बाबा गोळीच्या आधी उठून बाहेर जायचे, तुम्हाला ठाऊक होतं का?

काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाहेर? नाय रे. मुंबईला आलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बघितला. माझ्या शेजारी शेवटपर्यंत बसला होता तो."